नाताळचं झाड : कोणतं आणावं, कशानं सजवावं

वसईच्या किंवा गोव्याच्या जुन्या ख्रिस्ती घरात नाताळची तयारी गोठ्यापासून सुरू होते. वाळलेलं गवत, मातीचे नाहीतर पुठ्ठ्याचे डोंगर, मेंढपाळ, गाय, गाढव आणि २४ डिसेंबरच्या रात्री मधोमध ठेवलेला बाळ येशू. संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीतल्या ग्रेचो गावी ख्रिस्तजन्माचा देखावा मांडला. त्या परंपरेचा धागा पोर्तुगीज मिशनऱ्यांनी आपल्या किनाऱ्यावर आणला. गोठ्याशेजारचं सजवलेलं झाड मात्र फार नंतरचं. वसईत पोर्तुगीजांची सत्ता १५३४ ते १७३९ अशी दोनशे वर्षं होती आणि त्या काळात खुद्द पोर्तुगालातही घरोघर नाताळचं झाड नव्हतं. तिथे ते एकोणिसाव्या शतकात पोहोचलं, राणी दुसरी मारिया हिचा जर्मन पती फर्डिनांड याच्यामुळे. इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाचा पती अल्बर्ट हा त्याचा चुलतभाऊ.

आज चित्र उलटं झालं आहे. गोठा फारसा कुणाला ठाऊक नाही, पण झाड सगळ्यांना ठाऊक आहे. पुण्या-मुंबईत ख्रिस्ती नसलेल्या घरांतही मुलांच्या हट्टासाठी डिसेंबरात झाड उभं राहतं. क्रॉफर्ड मार्केटच्या गल्ल्या, वांद्र्याचा हिल रोड, पुण्याचा कॅम्प हा सगळा भाग त्या दिवसांत हिरव्या प्लास्टिकने आणि लाल गोळ्यांनी भरून जातो. मग दर वर्षी तेच प्रश्न पडतात. झाड खरं घ्यावं की खोटं? कुंडीतलं घ्यावं का? सजावट विकत आणावी की घरी करावी? दिवे किती लावावेत? उत्तरं शोधायला पहिल्यांदा झाडावर काय काय टांगलं जात होतं ते पाहिलं पाहिजे, कारण झाडाचा खरा इतिहास त्याच्या फांद्यांवरच्या वस्तूंचा आहे.

आताच्या फ्रान्समधल्या आल्सास प्रांतात सेलेस्ता नावाचं गाव आहे. तिथल्या १५२१ सालच्या हिशेबाच्या वहीत नाताळच्या सुमारास जंगलातली झाडं राखणाऱ्या रखवालदारांना पैसे दिल्याची नोंद सापडते. म्हणजे पाचशे वर्षांपूर्वीही लोक या दिवसांत फांद्या तोडून नेत होते आणि त्यांना आवर घालावा लागत होता. तिथून जवळच असलेल्या स्ट्रासबुर्गमधली १६०५ सालची एक नोंद त्याहून बोलकी आहे. लोक खोलीत फरची झाडं उभी करतात आणि त्यांना रंगीत कागदाचे गुलाब, सफरचंदं, पातळ चकत्या, सोनेरी वर्ख आणि साखरेचे पदार्थ लावतात, असं त्यात म्हटलं आहे. घरात सजवलेल्या झाडाचं इतकं जुनं आणि इतकं नेमकं वर्णन दुर्मिळ.

ही यादी सहज जमलेली नाही. जुन्या दिनदर्शिकेत २४ डिसेंबर हा आदाम आणि एवा यांचा दिवस. त्या दिवशी एदेन बागेचं नाटक होई आणि रंगमंचावर एक झाड लागे. युरोपच्या हिवाळ्यात पानं टिकवून धरणारं झाड म्हणजे फर, म्हणून तेच उभं करून त्याला सफरचंदं बांधत. पापाचं फळ म्हणून सफरचंद आणि तारणाची खूण म्हणून मिस्सात देतात त्या ओस्तीसारखी पातळ चकती. नाटकं पुढे मागे पडली, झाड घरात आलं. झाडाचं मूळ म्हणून अनेक अभ्यासक या नाटकाकडे बोट दाखवतात आणि मला हीच उपपत्ती सर्वांत पटते. झाड मुळात मूर्तिपूजकांचं होतं आणि चर्चने ते उचललं, असं आपल्याकडेही ठामपणे सांगितलं जातं. हिरव्या फांद्या हिवाळ्यात घराला लावण्याची चाल ख्रिस्तपूर्व आहे हे खरं. पण त्या चालीपासून दिवाणखान्यातल्या सजवलेल्या झाडापर्यंत सलग पुरावा नाही. मार्टिन लूथरने चांदण्या पाहून पहिल्यांदा झाडावर मेणबत्त्या लावल्या ही गोष्टही गोड आहे, पण त्याच्या काळातला आधार तिला नाही. काही प्रॉटेस्टंट मंडळींना झाड परकं वाटलं, कॅथलिकांना ते बराच काळ प्रॉटेस्टंट वाटलं. व्हॅटिकनच्या संत पेत्र चौकात पहिलं झाड उभं राहिलं ते १९८२ साली, पोप दुसरे जॉन पॉल यांच्या काळात. घरात झाड लावणं श्रद्धेला धरून आहे का, असा प्रश्न आजही काही भाविक विचारतात. त्यांना एवढंच सांगता येईल की झाड हे पूजेचं साधन कधीच नव्हतं. पूजनीय जे आहे ते गोठ्यात आहे.

व्हिएन्नाला झाड १८१६ च्या सुमारास राजकन्या हेन्रिएटामुळे गेलं. इंग्लंडच्या राजवाड्यात राणी शार्लटने ते १८०० सालीच उभारलं होतं, पण घरोघर पोहोचवलं ते एका चित्राने. १८४८ साली ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ने व्हिक्टोरिया, अल्बर्ट आणि मुलं टेबलावरच्या झाडाभोवती उभी असल्याचं चित्र छापलं. दोन वर्षांनी ‘गोडीज लेडीज बुक’ या अमेरिकन मासिकाने तेच चित्र राणीचा मुकुट आणि अल्बर्टच्या मिशा काढून पुन्हा छापलं. राजघराणं गेलं आणि एक साधं कुटुंब उरलं. अमेरिकेतल्या मध्यमवर्गाने ते आपलं मानलं.

आता गोळ्यांकडे येतो, कारण सजावटीत सर्वांत मोठा बदल तिथे झाला. जर्मनीच्या थुरिंगिया भागातल्या डोंगरात लाउशा हे काचकामगारांचं गाव आहे. १५९७ पासून तिथे काचेची भट्टी होती. खरी सफरचंदं आणि अक्रोड परवडेनात म्हणून एका गरीब कारागिराने ती काचेची फुंकली, असं तिथे सांगतात. कथा खरी असो वा नसो, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून या गावात काचेची फळं आणि गोळे बनू लागले. १८६७ मध्ये गावात गॅस आला. ज्योत एकसारखी आणि हवी तशी लहानमोठी करता येऊ लागल्यावर गोळे मोठे आणि पातळ फुंकता येऊ लागले. गोळ्याच्या आतून चांदीचं द्रावण फिरवून त्याला आरशासारखी चकाकी देत. पुरुष काच फुंकत, बायका आणि मुलं घरीच चांदी भरत, रंगवत, पुठ्ठ्याच्या डब्यात बांधत. अख्खं गाव त्यावर जगलं. १८८० पासून अमेरिकन दुकानदार वूलवर्थ हा माल नेऊ लागला. पुढे दुसरं महायुद्ध तोंडावर आलं तेव्हा अमेरिकेत कॉर्निंग कंपनीने विजेच्या बल्बांच्या काचा बनवायच्या यंत्रावर गोळे काढायला सुरुवात केली. युद्धात चांदी मिळेना, तेव्हा गोळे पारदर्शक राहिले आणि त्यांवर रंगाच्या नुसत्या पट्ट्या आल्या. त्यानंतरचा टप्पा आपल्या घरात आहे : प्लास्टिकचा गोळा, न फुटणारा, वजनाला हलका, आणि दोन नाताळांनंतर वर्ख सोलून निघालेला.

सफरचंदापासून काचेपर्यंतच्या या वाटेवर एक गोष्ट सारखी दिसते. ज्या गावाच्या हाताला जे येतं तेच झाडावर चढतं. स्वीडनमध्ये गवताच्या काडीच्या शेळ्या आणि तारे, जर्मनीच्या एर्त्सगेबिर्ग भागात खाणी बंद पडल्यावर खाणकामगारांनी कोरलेले लाकडी देवदूत, जपानमध्ये कागदाचे घडीचे पक्षी. एकसारखा प्लास्टिकचा लाल-सोनेरी संच ही अगदी अलीकडची सवय आहे आणि मला ती झाडाच्या स्वभावाविरुद्ध वाटते.

मग आपल्या हाताला काय येतं? झाडापासूनच पाहू.

किनारपट्टीवरच्या ख्रिस्ती घरांचं खरं नाताळचं झाड म्हणजे सुरूची फांदी. अर्नाळा, केळवे, गुहागर, गोव्याचे किनारे, सगळीकडे सुरूची बनं आहेत. पत्र्याच्या डब्यात नाहीतर बादलीत ओली वाळू आणि विटांचे तुकडे भरायचे, फांदी घट्ट रोवायची, डब्याला रंगीत कागद गुंडाळायचा, की झाड तयार. लांबून ते पाइनसारखं दिसतं. प्रत्यक्षात सुरू हा सूचिपर्णी वृक्षच नाही, तो फुलणारा वृक्ष आहे. ज्याला आपण सुईसारखं पान समजतो ती बारीक हिरवी डहाळी असते आणि खरी पानं तिच्या पेरांवर खवल्यांएवढी असतात. मुलांना एक डहाळी पेरापेराने तोडून दाखवली तर ती हरखून जातात. सुरूची फांदी झुकते, तिच्यावर जड वस्तू टिकत नाही आणि आठवड्याभरात ती गळायला लागते. कागद, कापड, गवत अशी हलकी सजावट तिला शोभते. एक सांभाळायचं. किनाऱ्यावरची बनं बहुतेक वनखात्याची आहेत आणि तिथली फांदी परवानगीवाचून तोडणं गुन्हा आहे. आपल्या किंवा शेजाऱ्याच्या वाडीत छाटणी निघाली असेल, तर तीच घ्यावी.

शहरातल्या रोपवाटिकेत ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून मिळतं ते अरौकारिया. त्याच्या दोन जाती आपल्याकडे दिसतात, एक नॉरफोक बेटावरची आणि एक न्यू कॅलेडोनियाची, आणि एकीच्या नावाने दुसरी सर्रास विकली जाते. दोन्ही दक्षिण गोलार्धातल्या, त्यामुळे बर्फाशी त्यांचा संबंध नाही आणि कोकणची हवा त्यांना मानवते. न्यू कॅलेडोनियाच्या जातीची एक गंमत २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पुढे आली. पाच खंडांतली अडीचशेहून जास्त झाडं मोजल्यावर दिसलं की ती सरासरी साडेआठ अंश कलतात, आणि कलतात ती नेहमी विषुववृत्ताकडे. म्हणजे आपल्याकडे दक्षिणेला. एखाद्या जुन्या बंगल्याच्या आवारात हे झाड वाकडं दिसलं तर माळ्याला दोष देऊ नये.

कुंडीतलं अरौकारिया घ्यायचं ठरवलं, तर ते जिवंत प्राणी घरात आणल्यासारखं सांभाळावं लागतं. याच्या खालच्या फांद्या एकदा वाळल्या की पुन्हा फुटत नाहीत आणि शेंडा मोडला की झाडाचा आकार कायमचा जातो. म्हणून ते खिडकीजवळ ठेवायचं, चार-पाच दिवसांनी कुंडी फिरवायची, माती पूर्ण सुकू द्यायची नाही आणि कुंडीत पाणी साचूही द्यायचं नाही. फांद्या कोवळ्या असतात, त्यांना काचेचे गोळे नकोत. सोनेरी किंवा चंदेरी फवारा मारलेलं रोप विकायला ठेवलेलं दिसतं, ते घेऊ नका. रंगाखाली गुदमरलेलं रोप फार दिवस काढत नाही. नाताळानंतर त्याला हळूहळू गॅलरीच्या उजेडाची सवय करायची. दोन-तीन वर्षांनी जमिनीत लावायचं असेल, तर हे झाड पुढे इमारतीहून उंच जातं हे लक्षात ठेवून भिंतीपासून दूर जागा बघावी. मोरपंखी किंवा सोनेरी सायप्रसही कुंडीत चांगली दिसते, पण तिच्या दाट पानांत टांगायला जागा कमी मिळते.

राहिलं प्लास्टिकचं झाड. त्याला सरसकट वाईट म्हणण्याची फॅशन आहे. ब्रिटनच्या कार्बन ट्रस्टने काढलेला हिशेब इथे उपयोगी पडतो. दोन मीटर उंचीच्या कृत्रिम झाडामागे सुमारे ४० किलो कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन होतं. तेवढंच खरं झाड तोडून वापरलं आणि शेवटी कचऱ्याच्या ढिगात कुजू दिलं तर १६ किलो, भुगा करून बागेत पसरलं तर साडेतीन किलोच्या आसपास. म्हणजे कृत्रिम झाड फायद्याचं ठरायला दहा-बारा वर्षं तरी वापरायला हवं. हे आकडे शेतातून झाड आणणाऱ्या युरोपचे आहेत. तिथे नॉर्डमन फर दोन मीटर व्हायला साधारण दहा वर्षं शेतात वाढवतात. जर्मनीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना ते झाड कोपऱ्यावरच्या मैदानात विकत मिळतं आणि जानेवारीत पालिकेची गाडी उचलून नेते, तेव्हा त्यांनी तेच घ्यावं. आपल्याकडे तशी शेतीही नाही आणि तशी गाडीही नाही. आपल्यापुढची निवड सुरूची छाटलेली फांदी, कुंडीतलं रोप आणि प्लास्टिक यांच्यातली आहे. प्लास्टिकचं झाड घरात आधीच असेल तर ते फेकून कुंडीतलं आणण्यात काहीच शहाणपण नाही. ते वापरत राहावं. नवीन घेणार असाल तर मोठं आणि दिखाऊ न घेता लोखंडी स्टँडचं, सुट्या फांद्या बदलता येतील असं घ्यावं.

सजावटीसाठी तर आपल्याकडे साहित्याची चंगळ आहे. दिवाळीचा आकाशकंदील ज्या कामट्या, खळ आणि पतंगाच्या कागदाने होतो, त्याच साहित्याचा नाताळचा तारा होतो. पाच कामट्यांचा एक तारा, तसेच दोन तारे टोकांशी बांधून मध्ये आडव्या काड्या घातल्या की तो फुगतो. झाडाच्या शेंड्यासाठी वीतभर तारा पुरतो. डिसेंबरात बाजारात नागपुरी संत्री असतात. त्यांच्या पातळ चकत्या कापून मंद ओव्हनमध्ये दोन-तीन तास, नाहीतर कडक उन्हात काही दिवस वाळवल्या की प्रकाशात काचेसारख्या दिसतात आणि घरभर वास दरवळतो. दालचिनीच्या काड्या लाल दोऱ्याने बांधाव्यात, चक्रीफूल तर आयताच तारा आहे. सुरूची लहान बोंडं, शिंपले, झावळीच्या पात्याचे विणलेले पोपट, आजीने क्रोशाने केलेली चक्रं, जुन्या साडीच्या काठांचे गोंडे, सगळं चालतं. आणि विकतच घ्यायचं असेल तर सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी फळं घ्या. लाउशाच्या काचेच्या सफरचंदांमागे जशी एका गावाची कारागिरी आहे, तशीच या रंगवलेल्या आंब्या-केळ्यांमागे आहे, आणि ती फळं नातवंडांपर्यंत टिकतात.

नको त्या गोष्टी थोड्या आहेत, पण त्यांबद्दल मी आग्रही आहे. सजावटीचा थर्माकोल महाराष्ट्रात २०१८ पासून आणि देशभर १ जुलै २०२२ पासून बंद आहे. गणपतीच्या मखरात तो नको, तर नाताळच्या बर्फातही नको. सुटी चमकी म्हणजे सूक्ष्म प्लास्टिकच आहे. ती झाडूने जात नाही आणि शेवटी मोरीतून खाडीत पोहोचते. युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सुट्या प्लास्टिक चमकीच्या विक्रीवर बंदी आणली. फार जुन्या चंदेरी झिरमिळ्या घरात असतील तर मुलांच्या हाती देऊ नयेत, कारण एके काळी त्या शिशाच्या करत. अमेरिकेत त्या १९७२ मध्ये बाजारातून गेल्या. कापसाचा बर्फ ही आपल्या कितीतरी घरांची लाडकी सवय आहे. तो ठेवायचा तर बुंध्याशी, दिव्यांपासून लांब ठेवावा, कारण कापूस ठिणगीची वाट पाहत असतो.

दिव्यांचा इतिहास आगीचाच आहे. पेटत्या मेणबत्त्यांच्या झाडाजवळ पाण्याची बादली ठेवत आणि ते थोडाच वेळ पेटवत. १८८२ साली एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याने न्यूयॉर्कच्या आपल्या घरी लाल, पांढरे, निळे असे ८० विजेचे दिवे झाडावर लावले. आजही तीच माळ आपण लावतो, फक्त स्वस्त झाली. जुन्या १०० बारक्या बल्बांच्या माळेला साधारण ४० वॅट लागतात आणि ती तापते. तेवढीच एलईडीची माळ पाचेक वॅटवर चालते आणि गार राहते. माळ झाडावर चढवण्याआधी जमिनीवर लावून तपासावी. एका माळेला दुसरी, दुसरीला तिसरी असं जोडत जाऊ नये. पाणी घातलेल्या कुंडीपाशी एक्स्टेन्शन बोर्ड नको. आणि मध्यरात्रीच्या मिस्साला सगळं घर बाहेर पडताना दिवे बंद करून जा. रिकाम्या घरात झाड पेटतं ठेवून जाण्याची चूक अनेक घरं करतात.

सजवण्याचा क्रम सोपा आहे आणि तो पाळला की झाड भरलेलं दिसतं. आधी दिवे, बुंध्यापासून फांदीच्या टोकाकडे आणि परत, म्हणजे उजेड आतूनही येतो. मग माळा. मग मोठ्या आणि जड वस्तू आत, बुंध्याजवळ. हलक्या आणि नाजूक वस्तू टोकांना. खालच्या फांद्या मुलांच्या, तिथे फुटणारं काही लावू नये, आणि त्यांनी लावलेलं नंतर गुपचूप सरळही करू नये. तारा सर्वांत शेवटी. पाश्चात्त्य पुस्तकं दर फुटामागे शंभर दिवे सांगतात. आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत त्याच्या निम्मे पुष्कळ झाले.

आगमनकाळाचे चार रविवार हे वाट पाहण्याचे असतात, म्हणून अनेक घरांत झाड २४ तारखेलाच पूर्ण होतं. नोव्हेंबरात झाड लावण्याची घाई दुकानांची आहे, सणाची नाही. उतरवायचं ६ जानेवारीनंतर. त्या दिवशी तीन राजांचा सण असतो. गोव्यात रेईश मागूश, चांदर आणि कासावली या भागांत त्या वेळी मुलं राजे होऊन निघतात. झाड उतरवताना प्रत्येक वस्तू कागदात गुंडाळून, माळ पुठ्ठ्यावर गुंडाळून ठेवली, तर पुढल्या वर्षी अर्धं काम झालेलं असतं.

म्हणून माझा कौल असा : किनाऱ्यावर राहत असाल तर वाडीतली छाटलेली सुरूची फांदी. शहरात गॅलरी आणि उजेड असेल तर कुंडीतलं अरौकारिया. दोन्ही शक्य नसेल तर एकच कृत्रिम झाड, निदान बारा वर्षं. ख्रिस्ती नसलेल्या घरांनी झाड जरूर लावावं, पण त्या शेजारी मुलांना गोठ्याची गोष्टही सांगावी. आणि या डिसेंबरात बाजारात जाण्यापूर्वी माळ्यावरचा जुना खोका आधी खाली काढून बघा.